सहीपुरती बहीण

‘भावावरील प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने व कोणाच्याही दबावाला बळी न पडता...’ दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवल्या जाणाऱ्या हक्कसोडपत्रांत थोड्याफार फरकाने हाच मजकूर असतो. दस्तलेखकाच्या संगणकात तो तयारच असतो. नावं, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा तेवढ्या बदलायच्या. बहीण कॅमेऱ्यासमोर बसते, फोटो निघतो, अंगठा उमटतो, दोन साक्षीदार ओळख पटवतात आणि जन्माने मिळालेला हक्क अर्ध्या तासात संपतो. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाच्या नावे सोडायला अनेक वर्षं दोनशे रुपयांचा मुद्रांक पुरत असे. ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. सोडलेली जमीन पुण्या-नाशकाच्या वेशीवर किंवा एखाद्या महामार्गाच्या आखणीत असेल, तर तिची किंमत कोटीत जाते.

हा विषय काढणं काहींना आवडणार नाही. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्या गावांत जमिनीचा पैसा आला तिथे जाऊन बसा. कुणाची बहीण आता ओवाळायला येत नाही, कुणाच्या मयताला सख्खा भाऊ फिरकला नाही, कुणाच्या दोन चुलत्यांची घरं एकाच भिंतीला लागून असूनही वीस वर्षं बोलणं बंद आहे, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. कारण विचारलं की उत्तर येतं, ‘जमीन’. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. जमीन तर आधीही होती.

आधी काय होतं ते पाहू. महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषिगणनेत सरासरी वहिवाट ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. पिढीगणिक खातेफोड होत गेली, बांध वाढत गेले. वितावितावरून भाऊ भांडत, डोकी फुटत, फौजदारी होई. बहीण मात्र या भांडणात नसे. दीड-दोन एकर कोरडवाहूत तिने हिस्सा मागायचा म्हणजे भावाच्या ताटातली भाकरी काढायची, असं तिला स्वतःलाच वाटे. तिच्या वाट्याला दिवाळीची साडी, पहिलं बाळंतपण, भाच्यांच्या लग्नात मामाचा आहेर आणि सासरी बिनसलं तर चार दिवस राहायला एक दार. चोळी-बांगडी म्हणत याला. ही वाटणी न्याय्य होती असं मी म्हणणार नाही. सासरी छळ सोसणाऱ्या कितीतरी जणींना ते दार प्रत्यक्षात उघडलंच नाही. तरी बहुतेक घरांत हा व्यवहार निभावला जाई, कारण बहिणीने जे सोडलं होतं त्याची बाजारात फारशी किंमत नव्हती आणि भावाला ते राखून श्रीमंत होता येत नव्हतं.

तलाठी दप्तरानेही या व्यवहाराला हातभार लावला. बाप वारला की तीन महिन्यांत वारसांची वर्दी द्यायची असते. फेरफार होई आणि मुलांची नावं कब्जेदारांच्या रकान्यात लागत. मुलींची लागलीच तर ‘इतर हक्क’ या रकान्यात. अनेक ठिकाणी थोरल्या भावाच्या नावामागे ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, एवढं लिहून बाकीच्या सगळ्यांचं अस्तित्व त्या तीन अक्षरांत मावून जाई. घरातलं माणूस घरचं होतं तोवर हे चालून गेलं.

मग जमिनीला भाव आला. तो एका रात्रीत आला नाही आणि सगळीकडे एकाच वेळी आला नाही. नवी मुंबईची हकिकत आधी सांगायला हवी, कारण पुढे जे राज्यभर झालं ते तिथे सर्वांत आधी झालं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी जायच्या ठरल्या. भातशेती, मिठागरं, खाडीची मासेमारी यांवर जगणारी आगरी-कोळी गावं ही. जानेवारी १९८४ मध्ये कमी मोबदल्याविरुद्धच्या आंदोलनात जासई आणि दास्तान फाट्यावर पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यामुळे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं. रस्ते आणि सामाजिक सुविधांसाठी त्यातले पावणेचार टक्के कापून हातात पावणेनऊ टक्के यायचे. तेही वर्षानुवर्षं रखडत.

गोळ्यांसमोर ही गावं एक राहिली. भूखंडाच्या पात्रतेची यादी लागायला लागली तेव्हा मूळ खातेदार बहुतेक ठिकाणी वारलेला होता. एका खात्यामागे चार मुलगे, तीन मुली, त्यातल्या दोघांच्या विधवा, नातवंडं, असा गोतावळा. कोर्टाचा वारस दाखला हवा, सगळ्यांच्या सह्या हव्यात. इकडे बिल्डर आधीच दारात उभा. भूखंडाचं पत्र हातात पडायच्या आत एका भावाला पैसे चारून त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घ्यायचं, मग त्रिपक्षीय करार करायचा, अशी पद्धतच पडून गेली. ज्याने आधी पैसे घेतले त्याच्यावर इतरांना गोळा करून सह्या घ्यायची जबाबदारी. भावाच्या दारात भाऊ आला तो एजंट होऊन. सरकारने दाम कमी दिला हा अन्याय होताच, आणि त्याविरुद्ध लढणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण सरकारने जे हिरावलं नव्हतं तेही पुढे या घरांतून गेलं, आणि ते घरातल्यांनीच दिलं.

समृद्धी महामार्गाचा हिशोब निराळा होता, कारण इथे पैसा जलद आला आणि भरपूर आला. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला, जून २०२५ मध्ये इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा. सुरुवातीला गावांनी मोजणीच्या लोकांना हुसकावून लावलं होतं. मग थेट खरेदीचा दर जाहीर झाला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात बाजारभावाला गुणक लागतो. तो दोन धरला. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे चौपट. स्वतःहून खरेदीखत करून देणाऱ्याला वर आणखी पंचवीस टक्के. एकूण पाचपट. ज्या जमिनीचे दहा लाखही कुणी दिले नसते तिचे पन्नास लाख, आणि तेही थेट बँक खात्यात. ज्या गटात वाद, ज्यात एकाचीही सही अडली, ती जमीन सक्तीच्या संपादनाकडे जायची आणि वरचे पंचवीस टक्के गळायचे. म्हणजे सही लवकर मिळवण्याला रोख किंमत आली. अनेक कुटुंबांनी या पैशातून दुसरीकडे जमीन घेतली, विहिरी खोदल्या, मुलींना शिकायला पाठवलं. तेही खरं आहे, आणि त्यांचं भलं झालं याचा आनंद आहे. पण अशा वेळी घराघरांत जे फोन जातात त्यांचं मला वाईट वाटतं.

फोन साधारण असा असतो. ‘ताई, कशी आहेस? दाजी बरेत ना? बुधवारी तालुक्याला यावं लागेल, एक सही आहे. आधार कार्ड आण, फोटो तिथे काढतात.’ दोन वर्षांत ज्याने विचारपूस केली नाही तो भाऊ न्यायला गाडी पाठवतो. तालुक्याच्या गावी साडी घेतली जाते, हॉटेलात जेवण होतं. कुठे तर बापाच्या दहाव्या-तेराव्याचाच मुहूर्त साधतात, कारण सगळ्या बहिणी एका ठिकाणी सापडतात आणि त्या दिवशी कुणी तोंड उघडत नाही. ‘वारस नोंद करायची आहे’ म्हणून सांगायचं आणि पुढ्यात हक्कसोडपत्र सरकवायचं. बहुतेक जणी वाचतही नाहीत. वाचलं तरी सही करतात. माहेर राहावं म्हणून करतात.

एखादी मात्र विचारते, ‘दादा, किती येणार आहेत?’

याच क्षणी ते घर मोडतं. बहिणीने हिस्सा मागितला म्हणून मोडलं, असं गाव म्हणतं. पण तिने अजून हिस्सा मागितलेला नसतो, आकडा विचारलेला असतो. भाऊ खरा आकडा सांगत नाही. चाळीस लाख येणार असतील तर ‘अजून काही ठरलं नाही’ म्हणतो, किंवा पंधरा म्हणतो, किंवा चिडून ‘तुला आता पैसा दिसायला लागला’ म्हणतो. नंतर कधीतरी जावेच्या भावाकडून, बँकेतल्या ओळखीच्याकडून खरा आकडा तिला कळतो. मग पैशाचं दुःख मागे पडतं. ज्याने सायकलवर डबलसीट बसवून शाळेत नेलं तो आपल्याशी खोटं बोलला, हे मनातून जात नाही. मी ज्या घरांबद्दल ऐकलं आणि पाहिलं त्यांत भांडण पैशाच्या रकमेवरून फारसं पेटलेलं दिसलं नाही. ते पेटलं लपवाछपवीवरून. जिथे चार लाख चौघांत बसून उघड वाटले तिथे माणसं अजून येतात-जातात. जिथे चार कोटी एकाने दाबले तिथे चार लाख दाबलेल्या घरासारखीच दशा झाली.

कायदा काय म्हणतो तेही इथे सांगायला हवं, कारण ‘मुलींना हक्क आत्ता-आत्ता मिळाला’ हा समज भावांना सोयीचा असतो. बापाने स्वतः कमावलेली मिळकत मृत्युपत्राविना मागे राहिली तर मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई यांचा समान वाटा, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी जन्मापासून भागीदार नव्हती. महाराष्ट्राने ते १९९४ मध्ये बदललं, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि लग्नाची ही अट गेली. राहत्या घराची वाटणी मागायला मुलींना जी आडकाठी होती तीही त्याच दुरुस्तीने काढली. मग वाद निघाला की २००५ साली बाप हयात असायला हवा का. तो ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी मिटवला: हक्क जन्माचा आहे, बाप त्या दिवशी हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित. मुलींच्या हक्काचा देशातला हा सर्वांत मोठा निवाडा ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या नावाने ओळखला जातो. बहीण विरुद्ध भाऊ. कायद्याचे विद्यार्थी ते नाव पाठ करतात. त्या नावामागे एक घर होतं.

त्याआधीचा ‘दानम्मा विरुद्ध अमर’ हा कर्नाटकातला खटला मला जास्त बोलका वाटतो. बाप २००१ मध्ये वारला. मागे विधवा, दोन मुलगे, दोन मुली. पुढच्या वर्षी नातवाने वाटणीचा दावा लावला आणि म्हटलं, आत्यांना हिस्सा नाही. कारणं दोन. एक, त्या १९५६ च्या कायद्याआधी जन्मल्या. दुसरं, लग्नात सोनं आणि पैसा दिला होता, तेव्हाच त्यांचा हिस्सा फिटला. खालच्या कोर्टाने ऐकलं, उच्च न्यायालयाने ऐकलं. १ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघींना प्रत्येकी एक पंचमांश वाटा दिला. मधे सोळा वर्षं गेली. ‘लग्नात दिलं ना’ हे वाक्य आपल्याकडेही जसंच्या तसं ऐकू येतं. लग्नात जे दिलं ते तिच्या सासरच्यांनी घेतलं आणि जे राहिलं ते भावांनी. तिच्या हातात काय आलं, हे कुणी विचारत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर वहिवाटदारांमध्ये बायका जेमतेम चौदा होत्या.

आता दुसरी बाजू. बहिणीच्या मागे तिचा नवरा असतो, सासरा असतो. ज्या घराने तिला कधी माहेरी चार दिवस सुखाने जाऊ दिलं नाही तेच घर मोबदल्याची बातमी लागताच तिला वकिलाकडे घेऊन जातं. तिचा अविभक्त हिस्सा परस्पर विकत घेऊन बिल्डर कुटुंबाच्या भांडणात शिरतो, कोर्टखर्च तोच करतो, आणि तडजोडीत सर्वांत मोठा तुकडा त्याचा. काही बहिणींनी दहा वर्षांपूर्वी समजून-उमजून, आनंदाने हक्क सोडला होता आणि भाव वाढल्यावर दावा लावला. कागद सही केलेला, नोंदवलेला असेल आणि फसवणूक झालेली नसेल तर असे दावे टिकत नाहीत. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांत कोर्टात जावं लागतं. हे खटले हरलेल्या बायका मग दोन्हीकडच्या राहत नाहीत. माहेर गेलेलं असतं आणि सासरचे म्हणतात, तुझ्यामुळे पैसाही गेला.

भावाभावांचं काय होतं ते पुणे जिल्ह्यात उघड्यावर दिसतं. हिंजवडी, मुळशी, हवेली, वाघोलीच्या पट्ट्यात एकराचा हिशोब मोडून गुंठ्याचा सुरू झाला. एका एकरात चाळीस गुंठे. विकणाऱ्याला लोक गुंठामंत्री म्हणू लागले. त्या शब्दात हेवा जास्त होता. पैसा बँकेत आला तेव्हा कमावण्याची सवय मोडली आणि खर्चाची लागली. गाड्या, वाढदिवसांचे फ्लेक्स, बैलगाडा शर्यतीसाठी लाखांचे बैल, मग लॉजिंग, मग व्याजाने पैसे, मग उरलेली जमीन. शहरात त्यांना इमारतीचे मालक व्हायचं होतं, झाले त्याच इमारतीचे वॉचमन. प्रवीण तरडे यांच्या २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ने ही पडझड पडद्यावर आणली आणि त्या भागातल्या प्रेक्षकांना त्यात आपले शेजारी दिसले. सिनेमात गुन्हेगारी ठळक आहे, ते समजण्यासारखं आहे. पण ज्या घरांत एकही गोळी सुटली नाही, कुणी तुरुंगात गेलं नाही, आणि तरीही चुलत भावंडं एकमेकांना ओळख देत नाहीत, अशी घरं शंभरपट आहेत आणि त्यांच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

कोर्टात गेलं की काय होतं हेही माहीत असू द्यावं. वाटणीच्या दाव्यात कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा करतं, म्हणजे कुणाचा किती हिस्सा ते ठरवतं. शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेख, मोजणी, हरकती. मधे वरच्या कोर्टात अपील, स्टे. दावा लावणारे मरतात, त्यांचे वारस लागतात, त्यांतल्या एखाद्याची नोटीस ‘पत्ता सापडला नाही’ म्हणून परत येते. दोन्ही बाजूंची पोरं न्यायालयाच्या आवारात एकमेकांकडे पाठ करून वाढतात. मोबदल्याची रक्कम वादात असली तर तीही वाद मिटेपर्यंत अडकून राहते. ज्या पैशासाठी हे सगळं झालं तो कुणाच्याच हातात नसतो.

जमिनीवरून घर फुटणं ही गोष्ट आजच्या काळाने आणली असं समजू नये. ज्योतीराव फुले यांच्या घरातली हकिकत मला नेहमी आठवते. त्यांचे पूर्वज मूळचे कटगुणचे, नंतर पुरंदरमधल्या खानवडीला आले. आजोबा शेटिबा पुण्यात आले तेव्हा घरात दारिद्र्य होतं. राणोजी, कृष्णा आणि गोविंद हे तीन मुलगे फुलांच्या कामात इतके तरबेज झाले की पेशव्यांनी खूश होऊन पस्तीस एकर इनाम जमीन दिली. थोरल्या राणोजीने ती एकट्याच्या ताब्यात घेतली. धाकटे दोघे हात हलवत बाहेर पडले. गोविंदरावांनी भाजी-फुलांच्या विक्रीवर संसार उभा केला, आणि त्या घरात ज्योतीराव वाढले. पस्तीस एकरांचं पुढे काय झालं, राणोजींचा वंश कुठे गेला, याची आज कुणाला फिकीर नाही. तिघे एकत्र राहिले असते तर काय झालं असतं या तर्कात मी शिरत नाही. मला फक्त राणोजींचा त्या दिवशीचा विचार कळत नाही. तीन भावांनी मिळून गुंफलेल्या फुलांना मिळालेलं ते बक्षीस होतं.

सर्वांत कठीण अवस्था आईची. तीसुद्धा पहिल्या वर्गातली वारस आहे, तिचा हिस्सा मुलाइतकाच. पण तिच्याकडून बक्षीसपत्र लिहून घ्यायला कष्ट पडत नाहीत. एका मुलाने आधी घेतलं तर दुसरे म्हणतात, ज्याला दिलंस त्याच्याकडे राहा. ज्याला दिलं तो म्हणतो, आई सगळ्यांची आहे. मग पाळ्या लागतात, महिना इकडे, महिना तिकडे. एकतीसचा महिना असेल तर शेवटच्या दिवसावरून कुरबुर होते, असं मी ऐकलं आहे आणि ते खोटं वाटत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशा आईबापांना बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची सोय आहे, पण सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली होती हे दिसावं लागतं. मध्य प्रदेशातल्या एका आईने २०१९ मध्ये मुलाला घर बक्षीस दिलं, मुलाने सांभाळण्याचं वचनपत्र लिहून दिलं आणि पाळलं नाही. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द ठरवून घर तिला परत दिलं. वचनपत्र नसतं तर? आपल्याकडच्या किती आया मुलाकडून असं काही लिहून घेतात?

पैसा येऊनही घरं टिकलेली उदाहरणं आहेत आणि त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. हडपसरच्या मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली. बिल्डरला न विकता कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा त्या कंपनीत भाग ठेवला. २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. या मंडळींमध्ये मतभेद झाले नसतील असं नाही. पण हिस्सा कुणाचा किती हे कागदावर आधी आलं आणि पैसा नंतर, आणि तो एकदम पोत्याने न येता वर्षानुवर्षं येत राहिला. एकाने गुपचूप विकून पळून जाण्याची वाटच त्या रचनेत बंद होती.

दुसरं उदाहरण पैशाचं नाही, मनाचं आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखोंनी बायका आल्या. त्यातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला: शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावे करायचा, आणि शंभर जणांनी असं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त जाहीर व्हायचं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी, ज्यांच्याकडे देण्यासारखं फार नव्हतं, हे केलं. तलाठ्याकडे गेले, फेरफार करून आले. या लोकांना कुणी कायद्याचा बडगा दाखवला नव्हता. ‘गावाकडचा माणूस बाईच्या नावे जमीन करणार नाही’ असं शहरात बसून म्हणणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहावं. दुर्दैवाने ज्यांच्या जमिनीला पुढे सोन्याचा भाव आला त्या पट्ट्यात हे वारं पोचलं नाही.

असाच भाव येऊ घातलेला पट्टा पुरंदरचा. तिथल्या विमानतळाची घोषणा २०१६ मधली. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, पारगाव आणि खानवडी, ही सात गावं. अंजीर, सीताफळ, वाटाणा पिकवणारी. २०२५ च्या उन्हाळ्यात ड्रोन मोजणीला गावांनी विरोध केला, पोलिसांशी झटापट झाली. त्या विरोधात बायका मागे नव्हत्या. जमीन द्यायची की नाही हा निर्णय त्या गावांचा, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे. पण मोबदल्याची गोष्ट निघाली की यादी लागेल, आणि त्या यादीआधी प्रत्येक घराने एक काम करावं असं मला कळकळीने वाटतं. सातबारा आणि आठ-अ काढावेत, बापाच्या, आजाच्या नावावर पडून असलेली खाती वारसांच्या नावे करून घ्यावीत, मुलींची नावं ‘इतर हक्का’तून कब्जेदारांच्या रकान्यात आणावीत. वाटणीपत्र करावं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी राज्य सरकारने २०२५ मध्ये माफ केली आहे. आणि किती रक्कम येणार, कुणाच्या खात्यात किती जाणार, हे आई, बहिणी, विधवा भावजया यांच्यासह सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवावं. ते ऐकल्यावर एखाद्या बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर तिने सोडावा, अर्धा घ्यायचा असेल तर अर्धा, सगळा हवा असेल तर सगळा. आंदोलनात पोलिसांसमोर बसलेल्या बायकांपैकी किती जणींचं नाव त्या सात गावांच्या सातबाऱ्यांवर आहे, हे ग्रामसभेत वाचून घ्यायला आत्ता तरी वेळ आहे.